शिरीषचे मनगट

मेडनहेड

लहानपणी रस्ता ओलांडताना मी शिरीषचे बोट धरत नसे, मनगट धरत असे. बोट सोडवून तो पळे. मनगट त्याला सोडवता येत नसे, आणि माझ्या मुठीत त्याची नाडी पकडलेल्या नाकतोड्यासारखी उडत राही. ऑक्टोबरातल्या त्या सकाळी, मेडनहेडमधल्या त्याच्या घराच्या दारात, मी सवयीने तेच मनगट धरले आणि तिथे काही नव्हते. हात उबदार होता, कातडीखाली निळी शीर दिसत होती, पण त्या उबेत कुणी चालत नव्हते.

"शोधू नकोस, ताई," तो म्हणाला. "ते दुकान बंद झालंय."

विमानतळावरून मला गाडीने आणताना अनुराधाने, माझ्या भावजयीने, सगळे नीट समजावले होते. कानांनी ऐकलेले बोटांपर्यंत पोचले नव्हते, इतकेच. दोन वर्षांपूर्वी साध्या तापाचे निमित्त झाले. त्यातल्या विषाणूने शिरीषच्या हृदयाचा स्नायू दुबळा केला. दुबळ्या हृदयात रक्त तुंबू लागले, तुंबलेल्या रक्ताने त्याच्या भिंती ताणल्या, आणि ताणलेल्या भिंती आणखी दुबळ्या झाल्या. चाळिशीतल्या माणसाचे हृदय जुन्या पिशवीसारखे ढगळ होऊन गेले. अखेर लंडनच्या टोकाला असलेल्या एका इस्पितळात त्याच्या छातीत अंगठ्याएवढा पंप बसवण्यात आला. हा पंप ठोके देत नाही. तो रक्त अखंड धारेने पुढे ढकलतो; म्हणून नाडी नाही. त्याची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येऊन कमरेच्या एका डबीला जोडलेली असते, आणि डबी खांद्यावरच्या पिशवीतल्या दोन बॅटऱ्यांना. झोपताना बॅटऱ्या काढायच्या आणि स्वतःला भिंतीतल्या प्लगला जोडून घ्यायचे.

"मोबाइलसारखं," शिरीष म्हणाला. "फक्त मिस्ड कॉल येत नाहीत."

मी त्याच्या छातीला कान लावला. आत बारीक, न थांबणारी गुणगुण होती, दूरच्या पिठाच्या गिरणीसारखी. गेली कित्येक वर्षे मी वर्गात स्पंदनांच्या कविता शिकवत आले आहे. परत आल्यापासून तो शब्द फळ्यावर लिहिताना खडू अडखळतो.

मी तिथे का गेले होते, ते आधीच सांगितलेले बरे. आम्ही कऱ्हाडचे. आई माझ्याजवळ राहत असे. शिरीषला हृदयाचा थोडा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत, एवढेच तिला माहीत होते. पंपाचे तिला कळू द्यायचे नाही, असे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतले होते. लागोपाठ दोन दिवाळ्या तो घरी आला नव्हता आणि दर खेपेला त्याने ऑफिसचे कारण पुढे केले होते. त्यातच श्रावणात आईच्या यकृताचा आजार निघाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेतले आणि उन्हाळ्याच्या पलीकडचे काही बोलण्याचे टाळले. आईने मात्र अंथरुणावरून मला बजावले, "शिरीषला कळवायचं नाही. माझी शपथ आहे. तो यायचा नाही, आणि आलो नाही हे त्याला जन्मभर डाचेल."

दोघांनी एकमेकांपासून आपापले दुखणे लपवले होते, आणि ते दोन्हीकडून माझ्यापाशी ठेवायला दिले होते.

शिरीषचे येणे खरोखरच अशक्य होते. पंप बसवलेल्या माणसाला त्या इस्पितळापासून फार दूर जाता येत नाही. शिवाय आमच्याकडे तेव्हा अर्धा अर्धा दिवस वीज नसे. त्याला कोणत्या भिंतीला जोडणार होतो आम्ही? एकच वाट होती. पंपामुळे विश्रांती मिळाली की काही जणांचे हृदय पुन्हा आकसते, बळ धरते, आणि मग पंप काढून टाकता येतो. शिरीषची तशी चाचणी नोव्हेंबरात व्हायची होती. तीत तो उतरला, तर पंप निघणार होता. आणि पंप निघाला, तर आई असेतोवर तो घरी येऊ शकणार होता. या चाचणीसाठी मी रजा काढली, मावशीला आईजवळ आणून ठेवले. आई अडवील असे वाटले होते. तिनेच मला लोटले. "जा, बघून ये," एवढेच म्हणाली.

मेडनहेड हे लंडनला नोकरीसाठी जाणाऱ्यांचे गाव. सकाळी सगळे गडद कोट स्टेशनकडे वाहतात, संध्याकाळी परत येतात, आणि मधला दिवस म्हाताऱ्यांचा, कुत्र्यांचा आणि आजाऱ्यांचा असतो. आम्ही दोघे दुपारी नदीवर जात असू. थेम्स तिथे फार रुंद नाही. तिचा रंग थंड झालेल्या कोऱ्या चहाचा, आणि काठावर कुजणाऱ्या पानांचा वासही चहाच्या चोथ्यासारखाच. नदीवर विटांचा रेल्वेचा पूल आहे. त्याच्या कमानी इतक्या सपाट आहेत, की त्या अजून कोसळल्या कशा नाहीत असे वाटावे. शिरीष पेशाने इंजिनिअर. वरून गाडीचे ओझे आले की कमानीतल्या विटा एकमेकींना अधिकच घट्ट धरतात, असे त्याने मला समजावले. आम्ही कमानीखाली उभे होतो आणि वरून गाडी गेली. तो मोठा, गोल आवाज दोन्ही बाजूंनी अंगावर आला. त्याच्यात काही क्षण शिरीषच्या छातीतली गुणगुण मला ऐकू येईनाशी झाली, आणि मी त्याच्याकडे वळून पाहिले. तो पाण्यातल्या हंसाला पावाचा तुकडा टाकत होता.

शेजारच्या वृद्ध बाई कुंपणापलीकडून रोज "ऑल राइट?" म्हणून विचारत आणि उत्तराची वाट न पाहता कपडे वाळत घालू लागत. सुरुवातीला मी थांबून मनात खरेखुरे उत्तर जुळवत राही. तोवर त्या आत गेलेल्या असत. मला ते तुटक वाटले. मग विचार आला की आपल्याकडे सगळे सगळ्यांना सगळे विचारतात आणि नेमके हवे ते सांगत नाहीत.

बेसिंगस्टोक

शिरीषला आपले ऑफिस मला दाखवायचे होते. त्याने आजारपणाची पगारी रजा घेतली होती आणि ती संपत आली होती. अनुराधा कौन्सिलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, नोकरीला. तिने सुट्टी काढते म्हटले, पण त्याने ऐकले नाही. आम्ही दोघेच रेडिंगला गाडी बदलून बेसिंगस्टोकला गेलो.

ज्यांनी ते गाव पाहिलेले नाही त्यांनी फार हळहळू नये. काचेच्या इमारती, त्यांच्याभोवती कातरलेली हिरवळ, आणि एका गोल वळणचौकातून दुसऱ्या गोल वळणचौकात शिरणारे रस्ते. काचांमध्ये ढग सरकताना दिसत होते, माणसे दिसत नव्हती. आत मात्र पुण्याचा आणि नागपूरचा गलका होता. शिरीषच्या हाताखाली काम केलेले दोन तरुण आम्हाला कॅन्टीनमध्ये घेऊन गेले. तिथे सालासकट भाजलेला, भलामोठा, मधोमध चिरलेला बटाटा मिळतो, आणि त्यावर टोमॅटोच्या गोडसर रसातले घेवड्याचे दाणे ओततात. उपासाला चालेल का, असे मी विचारले, तेव्हा नागपूरचा मुलगा म्हणाला की ताई, इथे रोजच उपास असतो.

ते दोघे सुट्टीत घरी जाणार होते. तिकिटांचे भाव, वजनाची मर्यादा, कुणासाठी काय न्यायचे, असे बोलणे रंगले आणि मग एकदम दोघेही गप्प झाले. पुण्याचा मुलगा घाईने म्हणाला, "सर, पुढच्या वर्षी आपण एकत्रच बुक करू."

"खिडकी माझी," शिरीष म्हणाला.

परतीच्या गाडीत त्याच्या पिशवीतून कर्कश पीप-पीप सुरू झाली. एक बॅटरी उतरली होती. डब्यात गर्दी होती, आणि त्या गर्दीतला एकही माणूस आमच्याकडे पाहत नव्हता. वर्तमानपत्रे फक्त किंचित वर उचलली गेली. शिरीषने मांडीवर पिशवी उघडली, जवळची दुसरी बॅटरी काढली, आधीची सोडवून ती बसवली. पीप-पीप थांबली. त्याची बोटे अगदी स्थिर होती. कऱ्हाडच्या एस.टी.त हे घडले असते, तर अर्ध्या गाडीने त्याला वारा घातला असता, उरलेल्यांनी नावगाव विचारले असते, आणि संध्याकाळच्या आत ते आईच्या कानावर गेले असते. त्या थंड शिष्टाचाराचे मला प्रथमच बरे वाटले, आणि मग बरे वाटल्याचे फार वाईट वाटले.

प्रयोगशाळा

इस्पितळाच्या आवारात मागच्या बाजूला एक बुटकी, पत्र्याच्या छपराची इमारत आहे. तिथे मीनल काम करते. ती जन्माने पूर्व लंडनमधल्या इल्फर्डची, तिचे आईवडील मूळचे साताऱ्याकडचे. तपासणीच्या यादीत शिरीषचे नाव वाचून ती आपण होऊन त्याच्याशी बोलायला आली होती, आणि त्याची बहीण आल्याचे कळल्यावर तिने मला बोलावले. पंप बसवताना हृदयाला जिथे छिद्र पाडतात तिथला मांसाचा लहानसा गोळा परवानगी घेऊन संशोधनाला देतात. "माझ्या काळजाचा तुकडा मीनलच्या फ्रीजमध्ये आहे," असे शिरीष सर्वांना सांगत असे. अनुराधाला ते आवडत नसे.

मीनलने मला पांढरा कोट घालायला दिला आणि सूक्ष्मदर्शकापाशी बसवले.

"मावशी, फोकस इथे फिरवा. हे सगळे सेल्स जिवंत आहे."

आधी नुसता धूसर उजेड होता. मग त्यातून बारीक, लांबट, पारदर्शक आकार वर आले. वाऱ्याने उडालेल्या भाताच्या तुसांसारख्या त्या पेशी कुणी कुठे, कुणी कुठे तोंड करून पडल्या होत्या. त्या एका मऊ रबरी पडद्यावर वाढवलेल्या होत्या. मग मीनलने दुसरा पडदा ठेवला. हा पडदा यंत्राने दोन्ही बाजूंनी ओढला जात होता, सैल सोडला जात होता, पुन्हा ओढला जात होता, जसे हृदय ओढले जाते. इथल्या सगळ्या पेशी एकाच दिशेला वळल्या होत्या. ओढीच्या दिशेला नव्हे, ओढीला आडव्या.

"अक्रॉस टर्न होतात," मीनल म्हणाली. "मग त्याला कमी खेचावं लागतो. कुणी सांगत नाही. डोळे नाही, ब्रेन नाही. पण कळतो."

आमच्या गावी कृष्णा एकीकडून येते आणि कोयना तिच्या समोरून; दोघी थेट एकमेकींवर येतात, आणि मग पाणी आडवे वळून पूर्वेला निघून जाते. लहानपणापासून मी तिथे उभी राहून ते वळण सुंदर आहे असे समजत आले. त्या काचेत डोळा घालून बसले असता मला पहिल्यांदा वाटले, की पाण्याला दुसरे काही करताच आले नसेल.

मीनल मराठी आणि इंग्रजीची सरमिसळ करत पुष्कळ सांगत होती. पेशी ज्याला धरून असते त्याला आधी जरासे ओढून पाहते; ते मऊ आहे की कठीण, यावरून आपण काय व्हायचे ते ठरवते. ताण वाढला की हृदयाच्या पेशी लांब होतात, आणि तेच त्यांचे निभावणे असते. पुढे ते निभावणेच आजार होऊन बसते. ताण काढून घेतला की त्या आखडून पूर्ववत होऊ शकतात, पण विश्रांती फार लांबली तर त्याच पेशी रोडावू लागतात. शेवटी तिने उंदराच्या हृदयाच्या पेशी दाखवल्या. मऊ पृष्ठभागावर त्या आपापल्या जागी धडधडत होत्या, एकट्या, कुणाचेही रक्त न ढकलता. मग शेजारची बशी. तिचा तळ कठीण होता, जखम भरून आल्यावर जो व्रण उरतो तितका कठीण. तिथल्या पेशी त्या तळाला सुरुवातीला अधिक जोराने ओढत होत्या, मीनल म्हणाली. आता थकल्या आहेत. मी बराच वेळ पाहत राहिले. एक हलली. पुन्हा हलते का, म्हणून मी श्वास धरला.

"शिरीषच्या हृदयात व्रण किती आहे?" मी विचारले.

तिने बशी परत झाकली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "ते टेस्टमध्येच कळेल, मावशी. मला माहीत असता तरी मी सांगू शकली नसती."

इल्फर्ड

पुढच्या शनिवारी मीनलने मला आपल्या वडिलांकडे जेवायला नेले. इल्फर्डच्या रस्त्यावर उतरले आणि महिन्याभरात प्रथमच नाकाला ओळख पटली: फोडणी, उदबत्ती, पिकलेले पेरू, डांबराच्या गोळ्या घातलेल्या साड्यांचे गठ्ठे. पंजाबी, गुजराती, तमिळ, बंगाली कानांवर पडत होती. मेथीच्या जुड्या पाहून मला राहवले नाही. मी दोन घेतल्या. शिरीषला लहानपणापासून मेथी आवडते.

मीनलचे वडील ऐंशीच्या घरातले, रेल्वेतून निवृत्त झालेले. बायको गेल्यापासून स्वयंपाक तेच करतात. त्यांचे मराठी साठ सालातले होते, न वापरलेल्या पितळी भांड्यासारखे लखलखीत. त्यांनी ज्वारीची भाकरी स्वतः थापली आणि पिठल्यावर कच्च्या तेलाची धार धरली. "लेक हृदयं शिवते, पण तिला भाकरी येत नाही," ते मला म्हणाले. मीनलने आपण हृदये शिवत नाही असे समजावून सांगितले. हे त्यांचे नेहमीचे भांडण असावे.

जेवताना मी कऱ्हाडची म्हटल्यावर ते कृष्णेच्या घाटाविषयी बोलत राहिले. मग सहज बोलावे तसे त्यांनी सांगितले, की इथे आल्यावर ते प्रथम घरी गेले तेव्हा आईसाठी साडी घेऊन गेले होते. आईला जाऊन वर्ष होऊन गेले होते. परक्या मुलखात एकटा आहे, हाय खाईल, म्हणून कुणी कळवले नव्हते.

"रागावलात?" मी विचारले.

"कुणावर रागावू? सगळ्यांनी माझ्यावरच्या मायेनंच केलं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "पण त्या वर्षभरात मी हसलो ना, ते आठवत राहतं."

परतीच्या प्रवासात मी ठरवले. चाचणीत तो उतरला, की शपथ मोडायची आणि शिरीषला आईचे सांगून टाकायचे. नाही उतरला तर काय, हे मी ठरवले नाही.

त्या संध्याकाळी मी मेथीची भाजी केली, लसूण घालून, शिरीषच्या डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितले होते म्हणून अळणी. अनुराधा बाहेरून आली, तिने झाकण उचलले आणि पातेले ओट्याच्या दुसऱ्या टोकाला सरकवले. पंपात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून शिरीषला रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या होत्या. पालेभाजी पोटभर खाल्ली तर त्यांचा परिणाम उतरतो. मला हे कुणी सांगितले नव्हते, कारण मी जुड्या आणल्याचे मीही कुणाला सांगितले नव्हते. त्याला चकित करायचे होते. आम्ही दोघींनी ती भाजी खाल्ली. शिरीष समोर बसून तिचा वास घेत राहिला आणि आणखी लसूण हवा होता म्हणाला.

इस्पितळ

चाचणीच्या दिवशी आकाश खाली उतरले होते. खोलीत एक उंच, हळू बोलणारे डॉक्टर होते, पडद्यावर हृदयाचे चित्र दाखवणारी तंत्रज्ञ होती, आणि सर्वांना डार्लिंग म्हणणारी एक आयरिश परिचारिका. पंपाचा वेग हळूहळू कमी करायचा, आणि हृदय स्वतःच्या बळावर काय करते ते पाहायचे, असा तो प्रकार असतो. परिचारिकेने मला शिरीषच्या बाजूला खुर्ची दिली. मी त्याचा हात हातात घेतला. तिने माझी बोटे उचलून त्याच्या मनगटावर नीट ठेवली आणि म्हणाली, इथे लक्ष ठेव.

वेग एक पायरी उतरला. काही नाही. आणखी एक पायरी. शिरीषच्या पलीकडे अनुराधा भिंतीला टेकून उभी होती. मग माझ्या बोटांखाली काहीतरी हलले. मला भास वाटला. माझीच नाडी असेल म्हणून मी बोटांचा दाब सैल केला. ते पुन्हा आले. अगदी क्षीण, पाण्याखालून कुणी दार वाजवावे तसे. पण ते त्याचे होते. मी नुसती मान हलवली. अनुराधाने तोंडावर हात धरला.

"आलं का दुकान उघडून?" शिरीषने विचारले.

पडद्यावर हृदय लहान दिसत होते. पूर्वीच्या चित्राशेजारी ठेवले तर कुणालाही वाटले असते की हे बरे झाले आहे. डॉक्टरांनी त्याला उठून बाहेरच्या व्हरांड्यात चालायला सांगितले. व्हरांड्याच्या टोकाला मोठी खिडकी होती आणि खिडकीत एक पिवळे झाड. तो परिचारिकेबरोबर निघाला, मी मागे. पहिली काही पावले तो त्याच्या जुन्या चालीने चालला, किंचित डावीकडे झुकत, जशी आमच्या वडिलांची चाल होती. मी मनात आईला सांगूही लागले होते. पाण्याच्या यंत्राशी तो थांबला. पाणी प्यायचे असेल असे मला वाटले. त्याने यंत्राला हात टेकला, मग कपाळ टेकले. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. परिचारिकेने पायाने खुर्ची ओढली.

त्याला पुन्हा निजवले. मी पुन्हा मनगट धरले. डॉक्टरांनी पंपाचा वेग वाढवायला सांगितले, आणि मला जे कळत होते ते त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कळत नसावे: एकेका पायरीबरोबर ते ठोके खाली खाली जाऊ लागले, विरळ झाले, आणि शेवटचा कोणता होता हे मला सांगता येणार नाही. त्याचवेळी त्याच्या गालांवर रंग परत येत होता.

डॉक्टर खुर्ची घेऊन आमच्याजवळ बसले. ताण गेल्यामुळे हृदय आकसले आहे, ते म्हणाले. पण भिंतीचा बराच भाग व्रणाचा आहे, आणि तो काम करू शकत नाही. पंप राहील. कुणाचे तरी हृदय मिळेपर्यंत थांबावे लागेल. ते कधी, हे त्यांना सांगता येत नव्हते. त्यांनी हे सगळे सौम्यपणे, आमच्या डोळ्यांत पाहून सांगितले. शिरीषने त्यांचे आभार मानले. मग अनुराधानेही मानले. मला ते जमले नाही.

पुन्हा मेडनहेड

माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, नदीवर जाऊ. पाऊस पडून गेला होता, पाणी चढले होते, आणि बाकावर पाने चिकटली होती. आम्ही प्लास्टिकची पिशवी पसरून बसलो. समोरून एक जोडपे कुत्र्याला घेऊन गेले आणि हवेविषयी काहीतरी बोलले. आता मलाही त्यांना हवेविषयीचेच उत्तर देता येत होते.

मी सांगणार होते. ओठांपर्यंत वाक्य आले होते. इल्फर्डच्या त्या ताटातला मोडलेला तुकडा माझ्या डोळ्यांसमोर होता.

"ताई," शिरीष नदीकडे पाहत म्हणाला, "आईचं विचारलं की तू उठून काहीतरी करायला लागतेस. आल्यापासून."

मी बाकाला चिकटलेले एक पान नखाने सोडवू लागले.

"काय झालंय ते सांगू नकोस मला. कळलं तर मला जावं लागेल. आणि मला जाता येत नाही." त्याने खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा सरळ केला. "नाही कळलं, तर मी नुसता न आलेला मुलगा आहे. तेवढं मला झेपतंय."

"आणि तिला?" मी विचारले.

तो बाकावरून उठला. म्हणाला, थंडी वाजतेय, चल.

कऱ्हाड

आई वाळली होती. मावशी म्हणाली की मी निघाल्यापासून तिने जेवण जवळजवळ सोडलेच आहे. मला कळवू नको, असे आईने तिला बजावले होते. मी पलंगावर तिच्या पायांशी बसले. ती विचारत गेली आणि मी सांगत गेले: नदी केवढी आहे, झाडांची पाने कोणकोणत्या रंगांची होतात, लोक कुत्र्यांना स्वेटर घालतात ते, भाजलेल्या बटाट्यावर घेवडा ओततात ते, साताऱ्याकडच्या म्हाताऱ्यांनी थापलेली भाकरी. विमानाच्या खिडकीतून ढग कसे दिसतात, हे तिने दोनदा सांगायला लावले. तिला तिकडचे सारे हवे होते. त्याच्याविषयी तिने विचारले नाही. मला वाटले, आता विचारील, आता विचारील. आणि मी पुन्हा एखाद्या झाडाकडे वळे.

नंतरच्या महिन्यांत असे अनेकदा झाले. एकदा फक्त, मी तिची उशी सारखी करत असताना, ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "फार ओढ लागू देऊ नकोस त्याला." मी कशाची, असे विचारले. तिने डोळे मिटून घेतले. तिला काय ठाऊक होते आणि किती, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

फाल्गुनात ती गेली. अग्नी मी दिला. घरी आल्यावर शिरीषला फोन लावला. तिकडे नुकते उजाडत असेल. मी सांगितले. पलीकडे अनुराधाचा आवाज आला, मग दार लोटल्याचा. त्याने कोण कोण आले होते ते विचारले. मावशी कशी आहे विचारले. मी काही खाल्ले का, ते विचारले.

ती कधीपासून आजारी होती, हे त्याने विचारले नाही.